आम्ही गावाला, मांजर घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोलीपर्यंत मी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या मांजरी सांभाळते. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच उत्तरं लिहून ठेवली आहेत. प्रश्न ज्या शब्दांत विचारले जातात तसेच ठेवलेत. मला बोलवा किंवा बोलवू नका, जाण्याआधी एकदा वाचून मात्र घ्या.

दोनच दिवस जातोय. भांडंभर खाणं आणि पाणी ठेवलं तर भागणार नाही का?

एका रात्रीपुरतं भागतं, तेही मांजर मोठी आणि धडधाकट असेल तर. आज संध्याकाळी निघालात, उद्या संध्याकाळी घरात, इतकंच. त्यापुढे दिवसातून एकदा तरी माणूस घरात शिरायला हवा. दोन दिवसांत ती उपाशी मरणार नाही हे मलाही माहीत आहे. पण पाण्याचं भांडं लवंडलं, वाऱ्याने बेडरूमचं दार आपटलं आणि ती आत नि तिचा शी-शूचा ट्रे बाहेर राहिला, पडद्याच्या दोरीत पाय अडकला, तर कळणार कुणाला?

हे मी स्वतःच्या घरात शिकले. काही वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही सगळे राजापूरला गेलो होतो. शेजारची कॉलेजातली मुलगी रोज येऊन वाटी भरून जायची आणि फोन करायची, "मावशी, आजपण सगळं चाटूनपुसून खाल्लंय हं." पाचव्या दिवशी परत आलो तर आमचा पांढरा बोका, बगळ्या, दिवाणाखाली मान टाकून पडलेला. दाताला पू झाला होता, तीन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. मग वाटी कोण चाटत होतं? सोसायटीतला खालचा काळा बोका, स्वयंपाकघराच्या ग्रिलमधून येऊन. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं, फक्त बोका दुसरा. त्या मुलीची काही चूक नव्हती. तिला मी वाटी भरायला सांगितलं होतं, ट्रे बघायला सांगितलंच नव्हतं. बगळ्या सलाइनवर राहून वाचला. तेव्हापासून कुणाच्याही घरात शिरले की मी आधी ट्रे बघते, मग मांजर आणि शेवटी वाटी.

घरीच ठेवावी की बोर्डिंगमध्ये?

शक्य असेल तर घरी. मांजर माणसाला नाही, घराला धरून असते, असं जुनी माणसं म्हणतात. ते पुरतं खरं नाही. तुमच्यामागे बाथरूमच्या दारापर्यंत येणारी मांजर घरासाठी येत नसते. पण तिला तिच्या वासाच्या जागा लागतात हे अगदी खरं. सोफ्याचा कोपरा, खिडकीचा कट्टा, कपाटावरची चादर यांवर तिने गाल घासून आपली खूण केलेली असते. ते सगळं एका दिवसात काढून घेतलं आणि वर शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचं भुंकणं ऐकवलं, तर बऱ्याच मांजरी खाणंच सोडतात.

तरी कधी कधी बोर्डिंगच बरं. घरात रंगकाम किंवा टाइल्सचं काम चाललं असेल, दिवसातून तीनदा औषध द्यायचं असेल, किंवा महिनाभरासाठी जायचं असेल आणि घरी राहायला कुणी नसेल, तेव्हा. अशा वेळी जागा आधी स्वतः जाऊन बघा, फोटोवर जाऊ नका. मांजरींची खोली कुत्र्यांपासून वेगळी आहे का, भुंकणं ऐकू येतं का, प्रत्येकीला लपायला खोकं आणि चढायला फळी आहे का, ट्रे आणि खाण्याची वाटी एकमेकांना चिकटून तर नाहीत ना, ते बघा. नाकाने पण बघा. आणि जिथे लसीचं कार्ड मागत नाहीत तिथून नम्रपणे परत या. पॅनल्यूकोपेनिया या मांजरींच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा विषाणू जमिनीवर, भांड्यावर वर्षभरसुद्धा तग धरतो. तुमच्याकडे कार्ड मागितलं नाही म्हणजे आधीच्या दहा जणांकडेही मागितलेलं नाही.

लस म्हणजे तिहेरी लस, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया आणि मांजरींच्या सर्दीचे दोन विषाणू, हर्पिस आणि कॅलिसी, आणि शिवाय रेबीज. बूस्टर राहिला असेल तर निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, किमान दोन आठवडे आधी घ्या.

शेजारच्या काकू करतो म्हणतात. मग तुम्ही कशाला?

काकू करत असतील तर मी नको. खरंच सांगते. मांजरीला ओळखणारं, त्याच मजल्यावरचं माणूस माझ्यापेक्षा सरस. रात्री अकरालाही ते डोकावू शकतं.

फक्त काकूंना काम नीट समजावून द्या. "जरा लक्ष ठेवा" म्हणजे काहीच सांगितलं नाही. कागदावर लिहून फ्रिजवर लावा: किती चमचे, किती वाजता, ट्रेमधल्या लिटरमधून, म्हणजे शू शोषून गोळे होणाऱ्या वाळूतून, रोज शी आणि शूचे गोळे काढायचे आणि मोजायचे, मांजर डोळ्यांनी बघितल्याशिवाय दार ओढायचं नाही. मांजर दिसली नाही तर "असेल कुठेतरी" म्हणून निघायचं नाही. आणि दूध द्यायचं नाही, हे वेगळं लिहा, खाली रेघ मारून. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरींना दूध पचत नाही. तुम्ही परत याल तेव्हा जुलाब तुम्हाला निस्तरायचे असतील. काकू मानणार नाहीत, "आमच्या गावी सगळी मांजरं दुधावरच वाढली" म्हणतील. वाद घालू नका, दुधाची पिशवीच बंद करून जा.

येताना काकूंसाठी काहीतरी आणा. हे मी सांगायला नको, पण लोक विसरतात.

किती दिवस आधी कळवायचं?

रेल्वेचं तिकीट ६० दिवस आधी निघतं. ज्या दिवशी कोकणकन्या किंवा मांडवीचं तिकीट काढाल त्याच दिवशी मांजरीची सोय लावा. गणपती, दिवाळी आणि मे महिना या तीन वेळी अर्धं ठाणं एकदमच बाहेर पडतं. गणपतीच्या चार दिवस आधी आलेल्या फोनला मी नाही म्हणते आणि मग मलाच वाईट वाटतं.

पहिल्यांदाच बोलावत असाल तर निघण्याआधी एक फेरी तुमच्यासमोर. मी येते, जमिनीवर बसते, तुम्ही चहा करता, मांजर मला हुंगते किंवा हुंगत नाही. त्या अर्ध्या तासात मला बरंच कळतं. गोळी कशी देता, ती कुठे लपते, कोणत्या दारातून निसटायचा प्रयत्न करते.

घराची किल्ली परक्या माणसाला कशी द्यायची?

विचारायलाच हवा असा प्रश्न आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. किल्ल्या दोन जोड द्या, एक माझ्याकडे आणि एक इमारतीतल्या ओळखीच्या घरी. माझ्या किल्लीला मी फ्लॅट नंबर लावत नाही, मांजरीचं नाव लावते. कपाटं, ड्रॉवर बंद करून जा. हॉलमध्ये कॅमेरा असेल तर खुशाल ठेवा, फक्त मला आधी सांगा. गेटवर मायगेट किंवा तसलं नोंदीचं ॲप असेल तर माझी रोजची नोंद करून जा आणि वॉचमनदादांना तोंडीही सांगा, कारण ते दर आठवड्याला बदलतात.

दुसरी जोड का, तेही सांगते. नाइट लॅचचं दार आहे, मी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आले, वारा आला, दार बंद. किल्ली आत, मांजर आत, माझा फोन आत. एकदाच झालंय. पुरे झालं.

सोसायटीत मांजर पाळायला मनाई आहे म्हणतात. तुम्ही येता हे कळलं तर?

कळू दे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सूचना काढल्यात: पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताचा ठराव करूनही नाही. मात्र जिन्यात घाण होणार नाही हे बघणं आपलं काम, आणि लिटर कचऱ्याच्या डक्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून देणंही आपलंच. ते नीट केलं की निम्मी भांडणं होत नाहीत.

एक उलटी बाजूही लक्षात ठेवा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११. पाळलेल्या जनावराला खायला-प्यायला न देणं किंवा वाऱ्यावर सोडून जाणं हा त्याखाली गुन्हा आहे. "आठ दिवस खाली सोडून जातो, परत आलो की घेऊ" हा बेत त्यातच बसतो.

निघताना घरात काय काय करून जायचं?

सगळ्यात आधी खिडक्या. घोडबंदरच्या टॉवरांत सरकत्या काचा आणि बाहेर कबुतरांची नायलॉनची जाळी असते. ती जाळी कबुतरासाठी आहे. मांजर ती दातांनी तोडते, किंवा समोर पारवा बसला की अंगाने धडक देते आणि कोपऱ्यातला हूक निघतो. अठराव्या मजल्यावर एवढं पुरतं. तेव्हा लोखंडी किंवा स्टीलची घट्ट जाळी असलेली एकच खिडकी उघडी ठेवायची, बाकी बंद. तशी एकही नसेल तर सगळ्या बंद आणि पंखा चालू. एप्रिल-मे मध्ये पंख्याचं बिल वाचवू नका.

मग दारं. आतल्या प्रत्येक दाराला पायपुसणं किंवा चपलेची अडचण लावून ठेवा म्हणजे आपोआप बंद होणार नाही. वॉशिंग मशीनचं झाकण लावा, कमोडचं झाकण लावा, गॅस सिलिंडरपाशी बंद करा.

दोरे उचला. शिवणाचा दोरा, रबर बँड, गजऱ्याचा दोरा, मखराच्या चमकदार झिरमिळ्या, पतंगाचा मांजा. मांजरीची जीभ काट्यांची असते आणि काटे आत वळलेले, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. तो आतड्यात अडकतो. दोऱ्याचं टोक मागून किंवा तोंडातून लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, थेट डॉक्टर.

पाणी दोन-तीन ठिकाणी, रुंद भांड्यात, खाण्यापासून जरा लांब. चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, त्यातलं काही ओल्या खाण्यातून जातं. एखादी बादली भरून ठेवा, आपल्याकडे पाण्याच्या कपातीची नोटीस नेमकी तुम्ही गाडीत बसल्यावर येते.

खाणं नेहमीचंच. प्रवासाला निघताना ब्रँड बदलण्याची हौस अनेकांना येते, "ऑफर होती" म्हणून. पोट बिघडलं तर ते खाण्याने बिघडलं की तुम्ही नाही म्हणून, हे मला कसं कळावं? लिटरही तेच ठेवा, आणि निघायच्या दिवशी ट्रे पूर्ण नवा भरा. तुमची न धुतलेली एक साडी किंवा टीशर्ट तिच्या झोपायच्या जागी टाका.

ऑटोमॅटिक फीडर आणि कॅमेरा घेतला आहे. तरी रोज यायची गरज आहे?

आहे. फीडर वेळेवर खाणं टाकतो, मला आवडतो. पण महावितरणची लाइट गेली, वायफाय बंद पडलं किंवा पावसाळी हवेने दाणे ओले होऊन नळीत गच्च बसले, की तो नुसता आवाज करतो. आत सेल घालून ठेवा आणि निघायच्या आठवडाभर आधीपासून चालवून बघा. कॅमेऱ्यात मांजर झोपलेली दिसते. मांजर दिवसातले बारा-पंधरा तास झोपतेच. ती निवांत झोपली आहे की आजारी आहे म्हणून पडली आहे, ते वरच्या कोपऱ्यातून नाही कळत.

पावसाळ्यात काही वेगळं?

कोरडं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, एका वेळी थोडंच बाहेर. आठ दिवसांचं परातीत ओतून ठेवलंत तर तिसऱ्या दिवशी मऊ आणि पाचव्या दिवशी बुरशी. ओलं खाणं तासाभरात उचलायचं. मुंग्यांसाठी जुनाच उपाय, वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवायची. बेन्टोनाइटचं, म्हणजे फुगणाऱ्या मातीचं लिटर दमट हवेत लवकर चिकट होतं, म्हणून थर जाड ठेवा, आणि ते कमोडमध्ये कधीही टाकू नका. फुगून पाइप तुंबतो, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तुमचंच नाव.

दिवाळीत फटाक्यांना घाबरते. आम्ही नसताना काय होईल?

दिवाळीच का, टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्यांची नवरात्रं, नौपाड्यातली दहीहंडी, विसर्जनाचा ढोल, सगळंच आलं. एक आतली खोली, शक्यतो रस्त्याच्या बाजूची नको, तिच्यासाठी ठेवा. पडदे ओढलेले, पंखा मोठ्यावर, प्रवासाचा पिंजरा उघडा ठेवून आत चादर. लपायला जागा मिळाली की ती स्वतःची समजूत घालते. त्या दिवशी मी फेरी दुपारी करते, संध्याकाळी दार उघडायचंच टाळते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उघड्या दारातून सुसाट सुटलेली मांजर शोधण्यासारखं दुसरं वाईट काम नाही.

ती लपून बसली आहे, जेवत नाही असं तुम्ही कळवलंत. आम्ही काय समजायचं?

पहिला दिवस लपणं हे नेहमीचं. मी ओढून काढत नाही. जमिनीवर बसून पेपर वाचते, तिच्याकडे बघतही नाही. बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी नाक बाहेर काढतात. खाणं जरा कोमट केलं की वास सुटतो. मीठ-हळद न घालता उकडलेली मांदेली काटे काढून दिली तर रुसलेल्या मांजरीसुद्धा विचार बदलतात. सुकट-जवळा नको, त्यात मीठ फार.

पण घड्याळ चालू असतं. २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर मी तुम्हाला आणि डॉक्टरांना फोन करते. दोन दिवस झाले तर डॉक्टरकडे नेतेच. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर फारसं बिघडत नाही, मांजरीचं तसं नसतं. खाणं बंद झालं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, ते तिला पेलत नाही आणि यकृतच बिघडतं. जाड मांजरींना हा धोका जास्त. "बघा ना, जरा बारीक झाली तर बरंच" असं गमतीने म्हणणाऱ्यांना मी हे सगळं पुन्हा ऐकवते.

त्याहून तातडीचं म्हणजे बोक्याची लघवी अडणं. तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जातो, बसतो, कण्हतो, आणि गोळा पडत नाही किंवा थेंबभर पडतो. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ आहे. ही काही तासांची गोष्ट असते. एक-दोन दिवस गेले तर बोका दगावतो. म्हणून मी गोळे मोजते. रोज दोन-तीन गोळे पडणाऱ्या बोक्याचा एकही पडला नाही, तर तुमची परवानगी यायची वाट न बघता मी रिक्षा करते. हे आधीच सांगून ठेवते, पटत नसेल तर आपलं जमणार नाही.

तोंड उघडं ठेवून धापा टाकणं, मागचे पाय एकाएकी ओढत चालणं, पुन्हा पुन्हा उलटी, यांनाही हेच लागू.

एक भीक मागते. "ताप वाटतोय, क्रोसिनची अर्धी देऊन बघा" असं फोनवर कुणी सांगू नका. त्यातलं पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, तिच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं गोचिडांचं औषध, तेही तसंच.

रात्री-अपरात्री काही झालं तर कुठे नेणार?

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, म्हणून त्यांचा नंबर आणि जुनी फाइल फ्रिजवरच्या कागदाजवळ ठेवा. त्यांचा दवाखाना रात्री बंद असतो का, हे निघण्याआधी विचारा आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना शोधून तोही नंबर लिहा. ब्रह्मांडला ठाणे एसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था आहे. मोठ्या उपचारांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा, आणि २०२४ पासून महालक्ष्मीचं टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय. दोन्ही चांगली, पण संध्याकाळी सहाला कासारवडवलीहून परळ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून जवळचा दवाखाना आधी ठरलेला हवा.

डॉक्टरांना एक मेसेज लिहून जा: माझ्या गैरहजेरीत अमुक बाई मांजरीला आणतील, उपचार करा, एवढ्या रकमेपर्यंत मला न विचारता करा. ती रक्कम तुम्ही ठरवा. पहाटे तीनला तुमचा फोन लागत नसताना मी आणि डॉक्टर एकमेकांकडे बघत उभे राहू नये, इतकंच.

गोळ्या चालू आहेत. इन्सुलिन आहे.

गोळी देते. इन्सुलिन देते, पण आधी तुमच्यासमोर दोनदा देऊन बघते आणि १२ तासांच्या अंतराने दोन फेऱ्या लागतात. तिने खाल्लं नाही तर इंजेक्शनचं काय करायचं हे डॉक्टरांकडून लिहून आणा. तोंडी सांगितलेलं मी घेत नाही.

पिल्लू आहे, तीन महिन्यांचं.

मग एक फेरी पुरणार नाही, दोनही नाही. पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागतं आणि उरलेल्या वेळात ते वायर चावतं. कुणीतरी घरी राहायला यायला हवं, किंवा पिल्लूच ओळखीच्या घरी जायला हवं. नाहीतर यंदाची ट्रिप पुढे ढकला. लोकांना हे उत्तर आवडत नाही.

नसबंदी झालेली नाही, त्याने काही फरक पडतो?

माजावर आलेली मांजर रात्रभर ओरडते आणि दाराच्या फटीतूनही निघू बघते. ऑपरेशन जरूर करा, पण निघायच्या आधी दहा-पंधरा दिवस तरी. टाके ओले असताना मांजर माझ्यावर सोडून जाऊ नका.

घरातली झाडं चालतील ना?

तुळस, मोगरा, जास्वंद असू दे. लिली मात्र घरात नको, फुलांच्या गुच्छातलीसुद्धा नको. तिचे परागकण अंगावर पडले आणि चाटले गेले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मनीप्लांट आणि डिफेनबेकिया चावला तर तोंड भाजल्यासारखं होतं, ते वर टांगा. शोभेचा सायकस पाम विषारी आहे, तो गच्चीत.

पळाली तर?

पळू नये म्हणून मी दार आतून लावूनच चपला काढते. तरी झालंच, तर घरात वाढलेली मांजर लांब जात नाही. ती घाबरून पहिल्या आडोशाला घुसते आणि हाक मारली तरी ओ देत नाही. जिना, फायर होजचं कपाट, लिफ्टमागची जागा, पार्किंगमधल्या गाड्यांच्या खाली, रेफ्यूज फ्लोअर म्हणजे आगीच्या वेळी जमायचा मोकळा मजला, सगळं टॉर्चने बघायचं, आणि पुन्हा रात्री दोननंतर, जेव्हा वर्दळ थांबते. डोळे चमकतात. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा १५ आकडी नंबर आणि अलीकडचा, अंगावरचे डाग नीट दिसणारा फोटो मला देऊन ठेवा.

सोबतच नेली तर नाही का चालणार?

गावी महिनाभर राहणार असाल आणि मांजर प्रवासाला सरावलेली असेल तर चालेल. चार दिवसांच्या लग्नासाठी नेऊ नका. अनोळखी घर, पन्नास पाहुणे, सताड उघडी दारं, मागच्या अंगणात गावचा बोका.

गाडीने नेत असाल तर पिंजरा आठवडाभर आधी हॉलमध्ये उघडा ठेवा. नाहीतर तो फक्त डॉक्टरकडे जाताना दिसतो आणि तिला ते पाठ असतं. निघायच्या चार-पाच तास आधी खाणं थांबवा, पिंजरा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधा, आणि चालत्या गाडीत तो उघडू नका, कितीही ओरडली तरी. पेणला चहाला थांबलात तर एक जण गाडीतच बसेल. बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते. शांत राहायचं औषध हवं असेल तर डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे दिलेलंच, माणसांचं नाही.

रेल्वेत स्लीपर किंवा थ्री टियरमध्ये पाळीव जनावर नेता येत नाही. फर्स्ट एसीचा अख्खा कुपे, म्हणजे बंद केबिन, आपल्या नावावर हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि त्या पेटीत मी माझी मांजर कधीच ठेवणार नाही. विमानात आकासा आणि एअर इंडिया केबिनमध्ये नेऊ देतात, पण वजन पिंजऱ्यासकट मोजतात. तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा.

आम्ही खालच्या मांजरींना रोज खायला घालतो. त्यांचंही बघाल?

बघेन. सोसायटीत खायला घालणारा दुसरा कुणी असेल तर त्यालाही सांगून जा. पण खालच्यांना घालून तसंच वर येऊन घरच्या मांजरीला हात लावत नाही, हातपाय धुऊन मगच. म्हणून वेळ थोडा जास्त धरा.

पैसे किती?

एका फेरीचे ४०० रुपये, साधारण पाऊण तास. दुसऱ्या मांजरीचे वेगळे पैसे नाहीत, तिसरीपासून १०० जास्त, कारण ट्रे वाढतात. जितक्या मांजरी त्याहून एक ट्रे अधिक हवा, हे तुम्हालाही सांगून ठेवते. लक्ष्मीपूजन आणि विसर्जनाच्या दिवशी दुप्पट. डॉक्टरांचं बिल आणि रिक्षा वेगळी, पावतीसकट. रोज एक फोटो आणि चार ओळी पाठवते: काय खाल्लं, किती गोळे, कुठे झोपली होती. मांजरीचा फोटो आला नाही तर मला फोन करा, कारण ती मला दिसलेली नाही.

परत आल्यावर ती आमच्याकडे बघतच नाही. रुसली का?

तुमच्या अंगाला गावचा, गाडीचा, दुसऱ्यांच्या घरचा वास असतो. अंघोळ करा, घरचे कपडे घाला, जमिनीवर बसा आणि हाका मारू नका. संध्याकाळपर्यंत येते. दोन दिवसांनीही खात नसेल किंवा लपूनच असेल, तर रुसवा समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि रिकामी बॅग लगेच माळ्यावर टाकू नका, आठवडाभर ती त्यातच झोपणार आहे.